एलियनला हेड ऑफिसात न्या

१९७९च्या ‘एलियन’मध्ये रिडली स्कॉटने ते जनावर इतकं हात राखून दाखवलं होतं की, अंधारात टांगलेली साखळी हलली तरी पोटात गोळा यायचा. आता त्याचं अंडं, पिल्लू, राणी, मूळपुरुष, सगळी वंशावळ आपल्याला तोंडपाठ आहे. ‘प्रोमिथियस’ने (२०१२) कुळाची चौकशी केली. ‘रोम्युलस’ने (२०२४) तर पहिल्या सिनेमातल्या, चार वर्षं आधीच वारलेल्या इयन होम या नटाचा चेहरा पुन्हा कामाला जुंपला, या धंद्यात मेल्यावरही सुट्टी नाही. ‘एलियन: अर्थ’ मालिकेत (२०२५) स्वारी पृथ्वीवरही उतरली. आता उरलं काय?

उरलंय या सिनेमांतल्या कंपनीचं, वेलँड-युतानीचं, हेड ऑफिस. नाहीतरी खरा खलनायक तिथेच बसतो. पहिल्या सिनेमात अंतराळजहाजावरचे तंत्रज्ञ पार्कर आणि ब्रेट बिचारे बोनससाठी हुज्जत घालत होते, तेव्हा जहाजाच्या संगणकात कंपनीचा आदेश क्रमांक ९३७ तयार होता: प्राणी आणा, माणसं गेली तरी चालतील. पुढे ‘एलियन्स’मध्ये (१९८६) त्या जहाजावरून वाचलेली रिप्ली ५७ वर्षांनी परतली, तर चौकशी समितीला काळजी स्फोटात उडालेल्या जहाजाच्या किमतीची. वर तिचाच परवाना निलंबित!

तेव्हा पुढचा सिनेमा म्हणजे दोन तास नुसती त्या समितीची बैठक असू द्या. पाणचट कॉफी, विम्याचे कागद, या खात्याची त्या खात्यावर टोलवाटोलवी, आणि ‘पुढच्या वेळी जमेल’ म्हणून नव्या जहाजाला मंजुरी. जनावर? ते छतातल्या एसीच्या डक्टमध्ये दबा धरून बसेल. खाली उतरायची त्याची छाती होणार नाही.