बिनधंद्याचे शेठ

आमच्या शेठना शेठ का म्हणतात, हे नव्या माणसाला समजावताना जरा पंचाईत होते. त्यांना दुकान नाही, गोदाम नाही, गल्ला नाही. वाळूजच्या एका कंपनीत ते क्वालिटीला आहेत आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेतात. पण धंदा टाकण्याच्या आधीच ज्याला लोक शेठ म्हणू लागतात, असा एक तरी माणूस सिडको-हडकोच्या दर दुसऱ्या गल्लीत सापडतो. आमच्या गल्लीच्या वाट्याला हे आलेत.

सकाळी टीव्ही सेंटरला कंपनीची बस धरायची आणि दिवसभर हातात व्हर्नियर घेऊन पीस तपासायचे. चांगल्या पीसला हिरवं टॅग, दुरुस्त होण्यासारख्याला पिवळं, वाया गेलेल्याला लाल. शिफ्ट सुटली की शेठ टपरीवर येतात आणि तपासणी पुढे चालू होते. फरक इतकाच की आता पीसच्या जागी धंदे असतात. आजवर एकाही धंद्याला हिरवं टॅग लागलेलं नाही.

सुरुवात ठरलेली. पहिला घोट घेऊन शेठ म्हणतात, "नोकरीत काही राम राहिला नाही, भाऊ. आता स्वतःचं काहीतरी टाकायचं. फक्त काय टाकावं, एवढंच ठरायचंय." यावर टपरीवरचे सगळे माना हलवतात, कारण प्रत्येकाच्या मनात तेच असतं. मग कोणीतरी धंदा सुचवतो. सुचवणाऱ्याने चहा सांगायचा हा रिवाज आहे, आणि कप रिकामा व्हायच्या आत शेठनी तो धंदा मोडीत काढलेला असतो.

किराणा? "डीमार्टपुढं टिकतं का कोणी?" मोबाईल रिपेअरिंग? "पैठण गेटला एक चक्कर मारून या, गिऱ्हाइकापेक्षा दुकानं जास्त." हिमरूच्या शाली? "आपल्याकडं थंडी पडते किती दिवस? उरलेलं वर्षभर काय गुंडाळून बसायचं?" मधेच एक सुस्कारा येतो, "आपल्या माणसाच्या रक्तातच धंदा नाही हो!" हे ऐकत ऐकत जो माणूस त्यांचा दुसरा कट भरत असतो तो पैठण तालुक्यातला आहे, आपलाच आहे, आणि त्याने टपरीच्या जोरावर गावाकडे विहीर बांधली. पण टपरी हा शेठच्या मते धंदा नव्हे, ती टपरी आहे.

एकदा कोणीतरी पाण्याच्या जारचा धंदा सुचवला. आपल्या शहरात यापेक्षा बिनधोक काय असणार? पन्नासेक किलोमीटरवर नाथसागर तुडुंब भरून उभा असतो आणि इथल्या बायका नळाला पाणी कोणत्या वारी येणार याचा हिशेब कॅलेंडरवर मांडतात. टँकरवाले आणि जारवाले यांच्यावर या शहराची निम्मी लग्नं लागतात. शेठ बराच वेळ गप्प राहिले. आम्हाला वाटलं, लागलं हिरवं टॅग. मग ते गंभीरपणे म्हणाले, "चालेल. पण उद्या कॉर्पोरेशनने रोज पाणी सोडलं तर?" टपरीवर असा हशा झाला की चहावाल्याच्या हातची किटली हिंदकळली. अख्ख्या शहरात हा धोका फक्त आमच्या शेठना दिसला होता.

याच पाण्याने त्यांचा एक मोठा बेतही बुडवला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकजुटीने एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, जवळपास ६५ कोटींच्या, आणि ती बातमी देशभर गाजली. सगळं शहर गाड्या बघत होतं तेव्हा शेठ त्या धुवायच्या कशा याचा विचार करत होते. "दीडशे गाड्या! गाडी काय रिक्षावाल्याकडं देणारेत का धुवायला?" त्यांनी फोम, प्रेशर पंप, टॉवेल, सगळ्यांचे भाव काढले. जागा बघितली, पाटीचा रंग ठरवला. शेवटी घरी विषय काढला, तर वहिनी म्हणाल्या, "आपल्या घरात भांडी घासायला पाणी नाही, आणि तुम्ही लोकांच्या मर्सिडिजा धुणार!" लाल टॅग.

शेठच्या घरी एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, गुलमंडीवरून आणलेली. पहिल्या पानावर वर 'श्री', एका बाजूला 'शुभ', दुसऱ्या बाजूला 'लाभ'. लक्ष्मीपूजनाला ती पाटावर मांडतात, हळद-कुंकू वाहतात, साळीच्या लाह्या आणि बत्तासे ठेवतात. मला ती वही त्यांनी विश्वासाने दाखवली. आत रकाने आखलेले: धंद्याचे नाव, सुचवणाऱ्याचे नाव, आणि तिसरा रकाना 'वाचलेली रक्कम'.

पहिली नोंद इमू पालनाची, सुचवणारे साडू. त्या काळात इमूच्या अंड्यापासून तेलापर्यंत सगळं सोन्याच्या भावाने जाणार होतं. २०१२ मध्ये तामिळनाडूतल्या इमू कंपन्या बुडाल्या आणि महाराष्ट्रातही शेतकऱ्यांच्या गळ्यात नुसते पक्षी राहिले. शेठनी त्याच आठवड्यात तिसऱ्या रकान्यात लिहिलं, साडेतीन लाख. पुढे कडकनाथ कोंबड्या, २०१९ ची इस्लामपूरची फसवणुकीची भानगड. वाचले दोन लाख. मग अमृततुल्य चहाची फ्रँचायझी, जी घेण्यासाठी शेठ पुण्याला जाऊन आले आणि परत येईपर्यंत त्यांच्याच चौकात तीन अमृततुल्यं उघडली होती. वाचले पाच लाख, शिवाय मिशीवरची वाफ. २०२० च्या 'मास्क शिवणे' या ओळीपुढे मात्र रकाना कोरा होता. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका शिंप्याने त्यात चांगले पैसे केले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोट ठेवून मी विचारलं तर म्हणाले, "ते विचाराधीन आहे."

बेरीज चाळीस लाखांच्या पुढे गेलेली. "एवढे वाचवले म्हणजे कमावलेच की," शेठ म्हणाले. यावर काय बोलणार? मी नुसती पानं उलटत शेवटाकडे गेलो. तिकडून, म्हणजे मागच्या बाजूने, वेगळ्या अक्षरात नोंदी सुरू झालेल्या: फॉल-पिको, अस्तराचा ब्लाऊज, जोशीकाकूंकडून ऐंशी येणे, परकर दोन, मिळाले. वहिनींचं अक्षर. "कोरी पानं वाया चालली होती, म्हणून म्हणलं उधारी लिहावी," त्या आतून म्हणाल्या. वहीची पूजा होते तेव्हा दोन्ही बाजूंची होते.

सरकारी योजनांचा असा जाणकार मी दुसरा पाहिला नाही. मुद्रा योजना २०१५ मध्ये आली तेव्हापासून शेठ तिच्याबरोबर वाढले. पन्नास हजारांपर्यंत 'शिशु', पाच लाखांपर्यंत 'किशोर', दहा लाखांपर्यंत 'तरुण'. मनाने ते तिन्ही वयांतून जाऊन आले आणि अर्ज एकाचाही भरला नाही. २०२४ मध्ये वीस लाखांपर्यंतचा 'तरुण प्लस' निघाला तेव्हा आम्ही म्हणालो, शेठ, हा गट सरकारने तुमच्याकडे बघूनच काढला. पण तो आधी 'तरुण' कर्ज घेऊन फेडणाऱ्यांसाठी आहे म्हणे. "बघा," शेठ म्हणाले, "धंदा असणाऱ्यालाच धंद्याला पैसे देतात."

पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेचं तर त्यांना तोंडपाठ. खुल्या प्रवर्गाला शहरात पंधरा टक्के अनुदान, ग्रामीण भागात पंचवीस. तेवढ्या दहा टक्क्यांसाठी शेठनी आपला कागदी पिशव्यांचा कारखाना आधी देवळाईला नेला. ते महापालिकेत आल्याचं लक्षात आल्यावर तो फुलंब्रीकडे हलवला. कारखाना मुळात नव्हताच, त्यामुळे हलवायला खर्च आला नाही. फक्त प्रोजेक्ट रिपोर्ट दोनदा टाइप करून घ्यावा लागला. आणि इथे मला एक गोष्ट नमूद करायलाच हवी: शेठमुळे या शहरात बरेच धंदे चालतात. प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करणारा, झेरॉक्सवाला, 'उद्योगाच्या हजार संधी' विकणारा रस्त्यावरचा पुस्तकवाला, हॉटेलच्या हॉलमध्ये मोफत सेमिनार घेऊन शेवटी दोन हजारांचा कोर्स गळ्यात मारणारा कोट घातलेला तरुण. 'धंदा कोणता करू?' या प्रश्नावर पोट भरणाऱ्यांचा जम बसलाय, प्रश्न विचारणाऱ्याचा नाही.

तसं योग्य मार्गदर्शन मिळायला हे शहर काही कमी नाही. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय इथेच आहे, १९८८ पासून. उद्योजक घडवण्याचं काम सगळ्या राज्यासाठी जिथून चालतं, त्या दारावरून शेठ आठवड्यातून दोनदा जातात. आत जाऊन प्रशिक्षणही घेऊन आलेत, चांगले गुण मिळाले. तिथे शिकवलेलं मार्केट सर्व्हे हे प्रकरण त्यांना फार भावलं. मग ते उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटरसमोर उभे राहून संध्याकाळभर गिऱ्हाइकं मोजत बसले. मोजून झाल्यावर पानाची किंमत, दिवस, महिना, वर्ष असा गुणाकार केला, आलेला आकडा पाहून त्यांना घाम फुटला, आणि पान टाकायचं नाही असं ठरलं. का? "एवढं चालणारं दुकान समोर असताना आपल्याकडं कोण येणार?"

एकदा मी त्यांना चिडून एन्ड्युरन्सचं उदाहरण दिलं. बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला १९८५ मध्ये, आणि त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी इथे दोन डायकास्टिंग मशीनवर सुरुवात केली. आज ती कंपनी देशाबाहेरही पोहोचली आहे. दोन मशीन, शेठ, फक्त दोन! शेठ शांतपणे म्हणाले, "त्यांचे मामा कोण?" मामा राहुल बजाज. मला पुढे बोलता येईना. शेठचे मामा सिल्लोडला तलाठी होते आणि रिटायर झाले. पण वाळूजला असे कितीतरी शेड आहेत ज्यांच्या मालकाला उद्योगातला मामा नव्हता. कोणी टूलरूममध्ये होता आणि साहेबाने जुनं लेथ उधारीवर दिलं, कोणाची कंपनी बंद पडली आणि हाताला जे येत होतं तेच करत बसावं लागलं. त्यांच्यातल्या एकालाही मी 'धंदा निवडला' असं म्हणताना ऐकलेलं नाही.

शेठ भित्रे आहेत असं लोक म्हणतात. मला पटत नाही. घाबरलेला माणूस विषयच काढत नाही. खरी गोची अशी की एक धंदा टाकला की उरलेले सगळे हातचे जातात. आज ते किराण्याचे, कोंबड्यांचे, मर्सिडीजचे, सगळ्यांचे शेठ आहेत. उद्या मिसळ टाकली की मिसळवाले होतील.

बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार, वीस हजार कोटींचा करार झाला, ही २०२४ ची बातमी आली तेव्हा मात्र शेठ खरोखर पेटले. "एवढे कामगार जेवणार कुठं? मेस!" जागा बघायला निघालो, माझ्या गाडीवर आणि माझ्या पेट्रोलवर. वाटेत चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना लागला. एके काळी घराघरांत ज्यांचे टीव्ही होते ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. शेठनी गाडी थांबवायला लावली, फाटकाकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढं मोठं बसलं, भाऊ." मी गिअर टाकला.

बिडकीनच्या पुढे आखलेले रुंद रस्ते, दिव्यांचे खांब, आणि बाकी मोकळं रान. एका लिंबाखाली ताडपत्री बांधून एक मावशी चुलीवर भाकरी थापत होत्या. पिठलं, ठेचा, कांदा. जेसीबीवाले आणि ट्रकवाले रांगेत बसलेले. शेठनी दोन ताटं खाल्ली आणि मग सर्व्हे सुरू केला.

"मावशी, रोजच्या किती भाकरी जातात?"

"पीठ सरंस्तोवर."

"आणि मार्जिन? म्हणजे उरतं किती?"

"उरत न्हाई भाऊ. कुत्र्याला घालायला बी उरत न्हाई."

शेठनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. मग मावशींना समजावलं की नाव ठरवा, पाटी लावा, पुढे फ्रँचायझी द्या. मावशींनी भाकरी उलटली.

"तुमचं काय हाय?"

"हे शेठ आहेत," मी म्हणालो.

"शेठ हायेत व्हय? बरं झालं. मग ह्या साहेबांच्या ताटाचे बी तुमीच द्या."

शेठनी आधी डावा खिसा चाचपला, मग उजवा. पैसे मी दिले. परतीच्या वाटेवर ते मागे बसून पुटपुटत हिशेब करत होते. चितेगाव मागे पडल्यावर कानाशी आवाज आला, "भाकरीत दम आहे, भाऊ. पण उद्या गॅस महागला की बसलं."

"अहो, ती तर चुलीवर करत होती."

"तेच म्हणतोय मी," शेठ म्हणाले. "प्रदूषणवाले आले तर?"