चाकण येईपर्यंत एक्सएमएल शिका

हा अभ्यासक्रम भोसरी एमआयडीसीत टेम्पो भरला की सुरू होतो आणि चाकणला कंपनीच्या गेटवर संपतो. मोशीच्या पुढे गाडी हलत नसल्यामुळे वेळ मुबलक मिळतो. संगणक लागत नाही. लागतं ते जॉब वर्कचं चलान. त्याच्या प्रती तीन: माल घेणाऱ्याची, गाडीवाल्याची आणि पाठवणाऱ्याची. ड्रायव्हरकडून त्याची प्रत मागा. तो देणार नाही. फोटो काढून घ्या.

पायरी पहिली: खुणा घाला. चलानावर नुसतं '450' लिहिलेलं असेल. हे नग, किलो नव्हे, हे तुम्हाला न सांगता कळतं. संगणकाला कळत नाही, म्हणून लिहायचं: <नग>450</नग>. उघडलेली प्रत्येक खूण बंद करायची. आतली आधी, बाहेरची नंतर. एवढं जमलं की फाइल 'वेल-फॉर्म्ड' झाली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 10 फेब्रुवारी 1998 रोजी एक्सएमएल पक्कं केलं, तेव्हाच खुणांना देवनागरी नावं द्यायची मुभाही दिली. <चलान> हा पूर्ण कायदेशीर टॅग आहे. तरी आपल्याकडे 'क्यूटीवाय', 'आरएमके-2' असलीच नावं ठेवतात, आणि सहा महिन्यांनी 'आरएमके-2' म्हणजे काय हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

इथे एक धोका आहे. कारखान्याच्या नावात '& सन्स' असेल, तर टॅलीत घ्यायची फाइल नेमकी त्या चिन्हावर अडते. ते चिन्ह एक्सएमएलने स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवलंय; नावात हवं असेल तर त्याच्यापुढे ए, एम, पी आणि अर्धविराम जोडावा लागतो. हे शेठना सांगू नका. वडिलांच्या वेळेपासूनची पाटी आहे, ते बदलणार नाहीत.

पायरी दुसरी: गेटवर माणूस बसवा. खुणा नीट असल्या म्हणजे मजकूर पुरा असतोच असं नाही. ते तपासायला स्कीमा; एक्सएमएल स्कीमाची अधिकृत शिफारस मे 2001 मध्ये आली. स्कीमा म्हणजे गेटवरचा सिक्युरिटी. हातातल्या यादीशी कागद जुळला नाही की टेम्पो बाजूला. माल चांगला आहे का, हे तो बघत नाही.

यादी लिहिणारा मात्र बहुधा गेटवर कधी उभा राहिलेला नसतो. स्कीमात वेगळं काही सांगितलं नाही, तर प्रत्येक घटक एकदा आणि एकदाच यावा लागतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी दोन पार्टांचं चलान अडकतं. ते दुरुस्त करून नवशिका 'माल परत आल्याची तारीख' सक्तीची करतो. हेतू चांगला: जॉब वर्कला गेलेला कच्चा माल जीएसटीच्या नियमाने वर्षाच्या आत परतायला हवा. पण माल तर आत्ता निघालाय! स्टोअरवाला शांतपणे आजचीच तारीख टाकतो. फाइल पास. कागदावर माल गेटबाहेर पडायच्या आधीच परत आलेला असतो. माझं मत विचाराल तर सक्ती जपून करा. रिकामा सोडता येणारा रकाना माणूस रिकामा सोडतो. सक्तीच्या रकान्यात तो काहीतरी ठोकून देतो.

पुढचं पटापट. पार्ट नंबर हा नंबर नाही. तो आकडा म्हणून घेतलात तर वाचणारा प्रोग्रॅम '00417' मधली पुढची शून्यं गिळून टाकेल आणि क्वालिटीवाले भलताच ब्रॅकेट शोधत बसतील. ज्याची बेरीज करायची तेवढाच आकडा. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर 27 ने सुरू. असे नमुने स्कीमात बांधता येतात. बांधता येतात म्हणून हवे तसे बांधू नका. गाडी नंबर 'एमएच 14' नेच सुरू व्हावा असा नियम पिंपरीत बसून सुचतो आणि होसूरहून आलेल्या ट्रकने मोडतो.

पायरी तिसरी: नेमस्पेस. दोन कंपन्यांच्या फाइलींत 'कोड' असतो. एकीत व्हेंडरचा, दुसरीत रंगाचा. गोंधळ टाळायला उपसर्ग लावतात आणि त्याची ओळख म्हणून बहुतेकदा वेबपत्ता लिहितात. तो पत्ता उघडू नका. तिथे काही असलंच पाहिजे असं नाही.

एव्हाना हिंजवडीतला कुणी भाचा फोनवर म्हणेल, 'मामा, हे जुनं झालं, आता जेसन.' खरं आहे, जीएसटीचं ई-इन्व्हॉइस जेसनमध्येच जातं. त्याला एवढंच विचारा की ऑटोसारच्या पद्धतीने बनलेल्या गाडीत ईसीयूची, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांची, रचना कशात लिहितात. एआरएक्सएमएलमध्ये. ती फाइल उघडताना त्याचाच लॅपटॉप धापा टाकतो.

पायरी चौथी: सगळं झाल्यावर शेवटी 'शेरा' नावाचा एक घटक ठेवा, प्रकार मजकूर, ऐच्छिक, लांबीला मर्यादा नाही. ठेवला नाहीत तर गेटवरून फोन येईल आणि ठेवावा लागेलच. महिन्याभरात नग, तारखा, रिजेक्शन, सगळं तिथेच येऊ लागेल: 'चलान 450 चं, माल 390. बाकी उद्या. साहेबांशी बोलणं झालंय.' स्कीमाच्या लेखी ही फाइल व्हॅलिड आहे.