तीन अक्षरांचं गाव

गावाचं नाव कधी बदलेल याचा आपल्याकडे नेम नाही. विमानतळाचा कोड मात्र लग्नानंतरही माहेरचं नाव लावणाऱ्या आत्यासारखा ठाम. बॉम्बेची मुंबई १९९५ साली झाली, पण तिकिटावर अजून बीओएमच. मद्रासचं एमएए चेन्नईला तसंच चिकटलेलं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. तिथला कोड आयएक्सयू. त्यात ना जुनं नाव, ना नवं, त्यामुळे भांडायलाही कोणाला जागा नाही!

हे कोड देते आयाटा, म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना. इंग्रजीची २६ अक्षरं आणि जागा तीन, म्हणजे सगळे मिळून १७,५७६ कोड. मागाल ते मिळेलच असं नाही. नागपूरला एनएजी मिळालं, कोल्हापूरला केएलएच. शिर्डीच्या वाट्याला एसएजी आलं. बेळगाव आयएक्सजी, लेह आयएक्सएल, चंदीगड आयएक्ससी. अमेरिकेतल्या सू सिटीला एसयूएक्स मिळालं, जे मोठ्याने वाचलं तर इंग्रजीत 'अगदीच भिकार' असा अर्थ निघतो. गावाने आधी कुरकुर केली, मग तीच अक्षरं टीशर्टवर छापून विकली. हा खरा व्यवहार.

वैमानिकांचा कोड वेगळाच, चार अक्षरी: मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ. प्रवाशाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याला जपायचं ते गोव्याला जाताना. दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. तिकीट शोधताना दोन्हीकडे 'गोवा' दिसतं आणि आपण स्वस्त दिसेल त्यावर बोट ठेवतो. मोपा पार उत्तरेला, पेडण्यात. मुक्काम कोलव्याला असेल तर विमानात वाचवलेले पैसे टॅक्सीवाला सन्मानाने स्वीकारतो. हरमलला जाणाऱ्याने दाबोळी धरलं, तरी गत तीच.

शोधणं काही अवघड नाही. आयाटाच्या संकेतस्थळावर शहराचं नाव टाकलं की कोड मिळतो, कोड टाकला की विमानतळ. तेवढं पैसे भरायच्या आधी करा. आणि काउंटरवर बॅग सरकवण्यापूर्वी तिच्या मुठीला मागच्या प्रवासाची कागदी पट्टी लटकत असेल तर ती फाडून टाका. नवी बांधली की तिच्यावरची तीन अक्षरं स्वतः वाचा. बॅग जाते ती त्या पट्टीच्या सांगण्यावरून, तुमच्या नव्हे.