परदेशचा चित्ता आणि उसातला बिबट्या

शिराळ्याच्या फडात ऊसतोड्यांच्या कोयत्यापुढे बिबट्याची बछडी सापडतात तेव्हा ज्यांस रजा मिळत नाही, असे आमचे सांगली-साताऱ्याचे चिरंजीव, पारपत्र-व्हिसाचे सोपस्कार यथासांग उरकून, पदरचे डॉलर भरून, नामिबियात चित्त्याची विष्ठा वेचण्यास स्वयंसेवक म्हणून रुजू होतात, हे परम अभिनंदनीय होय. येथील बिबट्याची विष्ठा विनामूल्य असल्याने तिला शास्त्रीय प्रतिष्ठा नसावी. वाघाचीही तीच कथा: याच मुलखात कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान जोडून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. जंगलापायी गावेच्या गावे उठली, वाघ मात्र कॅमेऱ्यासही क्वचितच दर्शन देई. अखेर २०२५ साली ताडोब्याहून वाघीण आणावी लागली. तिच्याकडून मात्र कोणी शुल्क घेतल्याचे ऐकिवात नाही.