कारखान्यावरचा कंत्राटी डेटा ॲनालिस्ट : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

बीड जिल्ह्यातले ऊसतोडीचे कोयते दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाची वाट धरतात, तेव्हा तुम्ही पुण्याहून उलट यायचं. माजलगाव असो की गेवराई, सुधारायला साखर कारखाना आहेच.

१. करार वाचा. तोडकऱ्याला मुकादमामार्फत उचल हंगामाआधी, तुमचं बिल हंगामानंतर. मात्र त्याच्या खाड्याचे पैसे कापतात. तुमचा लॅपटॉप दिवसभर मिटलेला असला तरी चालतं.

२. डेटा मागा. शेतकी विभाग ऊसनोंदीचं रजिस्टर देईल. त्यात अख्ख्या गावानं एकाच दिवशी लागण केलेली दिसेल. दचकू नका. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर लागतो, एवढं लक्षात ठेवा.

३. एकक तपासा. कोयता एक, माणसं दोन : नवरा आणि बायको. १० कोयते म्हणजे १० मजूर धरलेत, तर दरडोई तोडणी दुप्पट दिसेल आणि संचालक मंडळ खूश होईल. अहवालातली ही एकच चूक कुणी दुरुस्त करायला सांगणार नाही.

४. अडचण शोधा. तुटलेला ऊस जितका वेळ पडून राहील, तितकी त्यातली साखर आणि वजन घटतं. एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान दराचा, पाया १०.२५ टक्के साखर उताऱ्याचा, म्हणून तासांना किंमत. गाडी काट्यावर आल्याची वेळ संगणकात असते. ऊस तुटल्याची वेळ फडावर स्लिप फाडणाऱ्या स्लिपबॉयच्या डोक्यात. त्याला चहा पाजा. कुणाच्या गाड्या रांग मोडून गव्हाणीला लागतात, तेही तो सांगेल. हे ऐकायचं, लिहायचं नाही.

५. डॅशबोर्ड करा. अध्यक्षांचा गट लाल दिसला, तर ‘डेटा पुन्हा तपासा’ असा निरोप येतो; भगवा, हिरवा, निळा यांनाही पक्ष आहेत. करडा बरा. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पैसे प्रत्यक्षात किती दिवसांत दिले, तो आलेख कुणी मागितला तरच काढा. निर्धास्त राहा.

६. शिफारस लिहा. खरी शिफारस एका ओळीची : तुटल्याची वेळ स्लिपवर लिहावी. खर्च, एक पेन. पण एवढ्या स्वस्तात पुढच्या हंगामाचं कंत्राट मिळत नाही. म्हणून मोबाइल ॲप सुचवा. ते बंद पडलं की दुरुस्तीला तुम्हालाच बोलावतील; आणि या खेपेला मुकादमाकडून शिकून उचल आधी मागा.