विषाणूस माहितीस्तव रवाना

परोपकार हा सद्गुण खराच; परंतु तो एकदा सरकारी दप्तरात दाखल झाला की त्यासही मंजुरी, तपासणी, आक्षेप आणि तहकुबी या चारी आश्रमांतून क्रमाने जावेच लागते, हे निजामी फर्माने पचविलेल्या आमच्या छत्रपती संभाजीनगरास कोणी समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. म्हणूनच २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी पदग्रहणाच्या दिवशीच परदेशी साहाय्य ९० दिवस तहकूब करून त्याची फेरतपासणी करण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्यातील दप्तरी शिस्त पाहून आम्ही कृतार्थ झालो. न्यून एवढेच राहिले, की रोजची गोळी बंद पडली की रक्तात पुन्हा वाढू लागणाऱ्या एड्सच्या विषाणूस त्या हुकमाची प्रत माहितीस्तव रवाना झाली नसावी. अन्यथा त्यानेही आपले कामकाज ९० दिवस खचित तहकूब ठेवले असते. जीवरक्षक औषधांपुरती सवलत थोड्याच दिवसांत जाहीर झाली. पण मंजुरी मृगात आणि रक्कम दिवाळीनंतर, हा तगाईचा जुना शिरस्ता तेथेही पाळला गेला, आणि १ जुलै रोजी तर साहाय्य वाटणारे खातेच मोडीत निघाले.

तसे पाहता हे दान लहान नव्हते. २००३ साली तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष धाकटे बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरांची ‘पेपफार’ ही एड्सविरोधी योजना घोषित केली, आणि तिने सुमारे अडीच कोटी जीव वाचविले असे तिचे चालक सांगतात. मात्र दात्यास पुण्याची पावती हवी असते. प्रतिबंधावरील रकमेचा तिसरा हिस्सा विवाहापूर्वीच्या ब्रह्मचर्याच्या प्रचारार्थ राखून ठेवण्यात आला. जे कार्य आमच्या ऋषींनी विनावेतन केले, त्यास अंदाजपत्रकात शीर्ष लाभले. शिवाय साहाय्य घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायास आपला विरोध असल्याचा मुचलका लिहून द्यावा, अशी शर्त होती. ज्या स्त्रियांच्या हाती निरोध द्यावयाचा, त्यांचाच आधी लेखी धिक्कार करावयाचा, ही युक्ती सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेच्या गळी उतरली नाही. २००५ साली तिने मुचलका नाकारला आणि पैसाही परत केला. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शर्त वाणीस्वातंत्र्याचा भंग करते असे ठरविले, परंतु केवळ अमेरिकी संस्थांपुरते. २०२० च्या निकालाने स्पष्ट झाले, की वाणीस्वातंत्र्य हा निर्यातीचा माल नव्हे.

निर्यात होते ती गोळीची, आणि तीही आमच्याकडून. एका रुग्णाच्या वर्षाच्या औषधास १० ते १५ हजार डॉलर पडत असता, २००१ साली सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तेच ३५० डॉलरांत देऊ केले. आज तो खर्च ४५ डॉलरांच्या आत आला आहे. आरंभी अमेरिकी मान्यतेअभावी देवडीवर ताटकळलेली भारतीय गोळी पुढे त्याच योजनेचा मुख्य आधार ठरली. आमच्या वाळूजच्या वसाहतीत, मायलनच्या म्हणजे आजच्या व्हायट्रिसच्या कारखान्यात, तीन औषधे एकत्र सामावणाऱ्या अशा गोळ्या तयार झाल्या; बाबा पेट्रोल पंपावर पहाटे डबा सांभाळीत कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या कामगाराने त्या गिळणाऱ्याच्या चारित्र्याचा दाखला मागितल्याचे ऐकिवात नाही. दानशूरांच्या यादीत अर्थातच त्याचे नाव नाही.

आता आपलाही देश दाता झाला आहे. २०२२ साली त्याने एड्स, क्षय व मलेरियाविरुद्धच्या जागतिक निधीस अडीच कोटी डॉलर देण्याचे वचन दिले. तेव्हा आपल्या परंपरेस साजेशी एक शर्त आम्ही नम्रपणे सुचवितो: प्रत्येक परदेशी रुग्णाने आमच्या पेन्शनरांप्रमाणे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला तीन प्रतींत, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी, सादर करावा, आणि जो तो सादर करण्यास हयात राहणार नाही, त्याच्या नावावरील रक्कम ‘बचत’ या शीर्षाखाली जमा धरावी. ही कल्पना आमची स्वतःची, असा दावा नाही. वॉशिंग्टनने ती अमलात आणलेलीच आहे, आम्ही फक्त तिचा नमुना छापून देत आहोत.