एकांताची रांग

रविवारी मुंबईकर एकांत शोधायला स्वतःची गाडी काढून माथेरानला निघतो. हाच विचार त्याच पहाटे निम्म्या ठाणे-डोंबिवलीलाही सुचलेला असतो. मग एकांताची रांग नेरळच्या घाटातच लागते आणि डोंगराची शुद्ध हवा जळक्या क्लचच्या वासासकट मिळते. दस्तुरी नाक्यावर मात्र समता अवतरते. माथेरानात मोटारींना बंदी, त्यामुळे वीस लाखांची गाडीही तिथेच धूळ खात उभी. पुढे कर भरून साहेब तांबड्या मातीतून पायी. १९०७ सालची छोटी रेल्वे पावसाळा सोडला तर आजही नेरळहून डोंगर चढते. पण तिच्यात म्हणे परकी माणसं बसतात! पॉइंटवर धुकं. दरी दिसत नाही, सेल्फी मात्र निघतो. रात्री साहेब चिक्कीसह परततात आणि सोसायटीत सांगतात, "गर्दी फार वाढलीय हो! लोकांना सुट्टीत घरी बसवतच नाही."